बोरीबंदर ते दादर टी.टी. – ट्रामच्या वाटेबद्दल

पायवाट

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन परळहून बसने येत होते. चित्रा टॉकीजच्या अलीकडे कंडक्टरने "टीटी, टीटी, चला पुढे" असा आवाज दिला. भाची म्हणाली, "मावशी, टीटी म्हणजे गाडीत तिकीट तपासतो तो ना? त्याच्या नावाचा स्टॉप का?" ती सातवीत आहे, दादरला जन्मली, दादरला वाढली. तिला ट्राम ठाऊक नाही. घरी आल्यावर तिच्या आईला विचारलं, तर तिनेही खांदे उडवले. म्हणून हा धागा काढतेय.

टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. खोदादाद सर्कलपाशी ट्रामचा शेवटचा थांबा होता. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी बसवाले, टॅक्सीवाले, भाजीवाले, सगळे त्या जागेला टीटीच म्हणतात. चौकाचं खरं नाव आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही.

गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगते. मुंबईत घोड्यांची ट्राम चालवायची परवानगी एका अमेरिकन कंपनीने १८६५ मध्येच मागितली होती. ती मिळालीही, पण तेवढ्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्या युद्धामुळे मुंबईत फुगलेला कापसाचा फुगा फुटला, शहरात पैशाची दाणादाण उडाली आणि बेत बारगळला. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि ९ मे १८७४ रोजी, शनिवारी, पहिली ट्राम धावली. मार्ग दोन : कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर (पुढचं व्हीटी, आजचं सीएसएमटी) ते पायधुणी काळबादेवीवरून. भाडं तीन आणे. सुरुवातीला तिकीटच नव्हतं. फुकट्यांची संख्या वाढली तेव्हा त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली, आणि भाडं दोन आण्यांवर आलं. चालवणारी कंपनी स्टर्न्स अँड किटरेज. त्यांच्याकडे नऊशे घोडे होते म्हणतात. कुलाब्याला आज बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस उभं आहे ना, तिथेच त्यांचे तबेले होते.

आता नऊशे घोडे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. त्यांची वैरण, पाणी, नाल, आजारपण, मेच्या उन्हात चढावर ओढताना होणारे हाल. घोड्याच्या जिवावर गाव किती लांब पसरू शकतं, याला मर्यादा आहे. म्हणून मला १८७४ पेक्षा १९०७ हे साल महत्त्वाचं वाटतं. ७ ऑगस्ट १९०५ ला करार झाला, 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी निघाली (बेस्टमधला 'टी' तेव्हा ट्रामचा होता!) आणि ७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे गेली.

आणि नेमक्या त्याच काळात दादर घडत होतं. १८९६ च्या प्लेगने सरकारला दाखवून दिलं होतं की पायधुणी, मांडवी, भुलेश्वरात माणसं श्वास घेता येणार नाही इतकी कोंबली आहेत. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या वाड्या-शेतांवर आखीव वस्तीच्या योजना मांडल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच झाल्या. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी या ट्रस्टमधल्याच इंजिनिअरने १०३ प्लॉट मागून घेतले. पण फोर्टातला कारकून दादरला राहायला जाईल तो संध्याकाळी परवडणाऱ्या भाड्यात घरी पोचणार असेल तरच. हे काम ट्रामने केलं. माझे आजोबा असेच गिरगावातली खोली सोडून हिंदू कॉलनीत आले. आजी सांगायची, घर बघायला आले तेव्हा त्यांनी खोल्या मोजल्या नाहीत, नळाचं पाणी पाहिलं नाही. आधी घरापासून ट्रामपर्यंत चालत गेले आणि घड्याळ बघितलं. सहा मिनिटं. मग हो म्हणाले.

तुमच्या घरात या मार्गाच्या काही आठवणी असतील तर लिहा. विशेषतः शेवटच्या टप्प्याच्या, भायखळा ते दादर.

---

लालबागचा

ताई, फार चांगला विषय काढलात. आमचं घर भारतमाता सिनेमाच्या मागे, चार पिढ्या. एक सांगू का? ट्राम आमच्या दारावरून जायची, पण आमच्या आजोबांना ती रोज लागली नाही. गिरणी चालत पाच मिनिटांवर. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. गिरणी कामगार गिरणीच्या सावलीतच राहायचा, त्याला ट्रामचा रोजचा खर्च करायचं कारणच नव्हतं. तुम्ही म्हणता तो रोजचा प्रवासी हा दादर-माटुंग्याचा कारकून, मास्तर, वकिलाचा मदतनीस.

आमच्याकडे ट्राम म्हणजे सुट्टीचा दिवस. राणीच्या बागेत जायचं तर ट्राम. चालत जाण्यासारखं अंतर होतं, तरी ट्रामनेच. गावाहून चुलते आले की त्यांना डबलडेकर ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसवून बोरीबंदरपर्यंत नेऊन परत आणायचं. उतरायचं कुठेच नाही, नुसतं बघायचं. चुलते वीस वर्षं गावात तेच सांगत होते.

---

पायवाट

@लालबागचा, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. एकाच रुळावर दोन वेगळी आयुष्यं. डबलडेकर ट्राम १९२० च्या सप्टेंबरात आली, म्हणजे तुमचे चुलते त्यानंतर कधीतरी आले असणार.

तुमच्या परळबद्दल अजून एक. आज या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड म्हणतात आणि ते नाव तिथे किती शोभतं बघा. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले. बीआयटी म्हणजे तोच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. मग हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं. तीही त्याच ट्रस्टने आखलेली वस्ती. कामगारांची चाळ आणि मध्यमवर्गाची कॉलनी, दोन्ही एकाच संस्थेच्या आणि दोन्ही याच ट्रामच्या वाटेवर.

---

सिग्नल_केबिन

धागा आवडला, पण मुद्द्याला थोडा विरोध नोंदवतो. दादर ट्रामने घडवलं हे मला पटत नाही. १८५३ पासून जीआयपी (आजची मध्य रेल्वे) होती, पलीकडे बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) होती, दादर दोन्ही मार्गांवर. दोन रेल्वे जिथे शेजारी येतात ते गाव वाढणारच. ट्राम नसती तरी दादर झालंच असतं.

---

पायवाट

@सिग्नल_केबिन, रेल्वेचा वाटा मी नाकारत नाही. पण मुंबईत विजेवरची पहिली लोकल धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, तीही व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून. विजेची ट्राम त्याच्या अठरा वर्षं आधीची. त्या अठरा वर्षांत आगगाडी वाफेवर होती आणि ठरावीक वेळेलाच यायची. ट्राम एक गेली तर मागून दुसरी दिसायची.

दुसरं असं की गाडी माणसाला दादरहून उचलून थेट बोरीबंदरला टाकते. मधलं शहर तिला लागत नाही. ट्राम बाजारातून, इस्पितळावरून, बागेवरून, देवळा-मशिदीवरून जाते. आजीला जे.जे.ला जायचं असो, क्रॉफर्ड मार्केटात आंब्याची पेटी बघायची असो की भायखळ्याला भाजी आणायची असो, तिला ट्रामच सोयीची. बायका-मुलांचा, म्हाताऱ्यांचा प्रवास ट्रामचा होता. स्टेशनचा जिना चढावा लागत नाही, फक्त एक पायरी.

---

सिग्नल_केबिन

दुसरा मुद्दा मान्य. माझी आईही हेच म्हणायची, स्टेशनचा जिना नको. तो मी विसरलो होतो.

---

हुगळीकाठचा

गेली बावीस वर्षं कोलकात्यात आहे म्हणून थोडी भर. आपल्याकडे अनेक लेखांत मुंबईची ट्राम देशातली पहिली असं छापून येतं. तसं नाही. कोलकात्यात २४ फेब्रुवारी १८७३ ला सियालदह ते आर्मेनियन घाट घोड्याची ट्राम सुरू झाली. प्रवासी मिळेनात म्हणून ती त्याच वर्षी बंद पडली, पण तारीख आधीची आहे. विजेच्या ट्रामचा पहिला मान मद्रासचा, १८९५. मग कोलकाता, १९०२. मुंबईचा नंबर त्यानंतर.

इथली ट्रामही आता नावापुरती उरली आहे. मैदानाच्या कडेने जाताना रूळ गवतात शिरलेले दिसतात तेव्हा मला दरवेळी परळ आठवतं.

---

पायवाट

धन्यवाद. मी 'पहिली' असं कुठे लिहिलं नव्हतं, पण माझ्या मनात तेच होतं, हे खरं.

---

नाशिकरोडकर

मुंबईकरांनो, ट्राम फक्त तुमचीच नव्हती! नाशिकलाही ट्राम होती. महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांना हे सांगितलं तर ते चेष्टा समजतात.

आमच्याकडे रेल्वे शहरात आलीच नाही, आठ-दहा किलोमीटर लांबून गेली. म्हणून स्टेशन 'नाशिक रोड'. स्टेशनवर उतरलेल्या यात्रेकरूला गोदावरीवर पोचायचं कसं? मधे सगळं रान. तर १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली : मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत. दोन डबे, ओढायला चार घोडे. ट्रामवे आखणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. होय, तेच, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली, अडीच फुटी रुळांची. पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन जाणारी ती गाडी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण त्याआधी त्या माणसाने आमच्या त्र्यंबक-पंचवटीच्या यात्रेकरूंसाठी काम केलं, हे कुणी सांगत नाही.

दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी कंपनीचं कंबरडं मोडलं. १९३० नंतर लवकरच ती बंद झाली. मेनरोडवर आज एकही खूण नाही. तुमच्याकडे निदान टीटी हे नाव राहिलं.

---

लालबागचा

नाशिकची ट्राम! आजवर चार वेळा मेनरोडवर फिरलोय आणि मला हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ती जुनी इमारत शोधणार.

---

सोनचाफा

मी इथे क्वचित लिहिते, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील ट्रामवर मोटरमन होते. शेवटची दहा-अकरा वर्षं बोरीबंदर-दादर याच मार्गावर. मी त्यांची धाकटी, ट्राम बंद झाली तेव्हा पाच वर्षांची होते, त्यामुळे बरंचसं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

मोटरमन उभा राहून ट्राम चालवायचा. अख्खी पाळी उभी. डाव्या हाताशी वेगाची मूठ, उजव्या हाताशी ब्रेक, आणि पायाखाली घंटा. हात दोन्ही गुंतलेले, म्हणून घंटा पायाने वाजवायची, टाचेने दाब द्यायचा, ठण ठण. लालबागच्या बाजारात ती सारखी वाजवावी लागे, कारण हातगाडीवाले रुळावरूनच गाडी ढकलायचे. रूळ गुळगुळीत, त्यावर चाक हलकं जातं ना. आमच्या घरी बाबांची चप्पल उजव्या टाचेला आधी झिजायची. आई दर दोन महिन्यांनी चांभाराकडे एकच चप्पल घेऊन जायची. चांभाराला ठाऊक होतं, तो विचारायचासुद्धा नाही की दुसरी कुठेय.

ट्राम टीटीला आली की तिला वळवायची गरज नव्हती, दोन्ही तोंडं सारखी. बाबा मूठ काढून हातात घ्यायचे, डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जायचे आणि तिथे ती बसवायचे. कंडक्टर खाली उतरून छतावरचा लांब दांडा दोरीने ओढून उलट्या दिशेला फिरवायचा आणि वरच्या तारेला लावायचा. अंधारात ते लावणं कौशल्याचं काम. तारेला नीट लागला नाही की निळी ठिणगी उडायची. शेजारची पोरं ती ठिणगी बघायला मुद्दाम टीटीवर जाऊन उभी राहायची.

आणि पावसाळा. हिंदमाताला तेव्हाही पाणी तुंबायचं. पाणी मोटारीपर्यंत चढलं की ट्राम जागीच. मागे एकामागोमाग ट्रामा थांबायच्या, कारण रुळावरची गाडी पुढचीला वळसा घालून जाऊ शकत नाही. प्रवासी उतरून गुडघाभर पाण्यातून चालत घरी जायचे, बाबा मात्र गाडी सोडून जाऊ शकत नसत. एकदा रात्रभर तिथे होते. समोरच्या चाळीतल्या एका बाईंनी खिडकीतून दोरीने चहाची किटली सोडली. त्या बाईंचं नाव बाबांना कधीच कळलं नाही, पण त्या चाळीवरून जाताना ते वर बघायचे.

---

पायवाट

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. भाचीने विचारलंय की मूठ किती मोठी होती.

---

सोनचाफा

सांगा तिला, माझ्या त्या वयाच्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत असेल. पितळेची. बाबांनी एकदा मला हातात धरू दिली होती. थंड आणि जड, एवढं आठवतं.

---

रस्ता_आणि_रूळ

मी वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो. सोनचाफाताईंनी हिंदमाताचं जे सांगितलं त्यातच ट्राम का गेली याचं अर्धं उत्तर आहे. बससेवा १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी सुरू झाली तेव्हा ती ट्रामची धाकटी बहीण होती. पण बस बंद पडलेल्या गाडीला वळसा घालते, खोदलेल्या रस्त्याला टाळते, मार्ग बदलायचा तर फक्त पाटी बदलावी लागते. ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध होते. उतरणाऱ्याला चालत्या गाड्यांमधून पदपथ गाठावा लागे. मोटारी थोड्या होत्या तोवर ते चाललं.

७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, कंपनी महापालिकेने घेतली. तेव्हा रूळ आणि डबे दोन्ही जुने झालेले. नवे घालायचे की बस घ्यायच्या, असा प्रश्न होता. पन्नासच्या दशकात एकेक मार्ग बंद होत गेला आणि सर्वात शेवटपर्यंत टिकला तो हाच, बोरीबंदर-दादर. मधल्या काळात रुळांशिवाय वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबसही आणून बघितली, जून १९६२ मध्ये. १९७१ मध्ये तीही गेली.

माझं स्पष्ट मत : बंद करणं त्या वेळी समजण्यासारखं होतं, पण चूक होती. आंबेडकर रोड पुरेसा रुंद आहे. मधल्या पट्ट्यात इतर गाड्यांना मनाई करून रूळ नवे केले असते, तर भायखळा-दादर हा टप्पा आजही चालू राहिला असता. मोटारीला वाट हवी म्हणून जास्त माणसं नेणारं वाहन काढलं, आणि आज त्याच रस्त्यावर उड्डाणपूल घालूनही मोटारीला वाट नाही.

---

लालबागचा

रस्ता भाऊ, रुंद आहे म्हणता, पण गणपतीत लालबागला येऊन बघा. मधला पट्टा कोण मोकळा ठेवणार? तरी तुमचं म्हणणं पटतं. आमच्या वडिलांनाही ट्राम गेल्याचं फार लागलं होतं. रूळ उखडले नाहीत, त्यावरच डांबर ओतलं, असं ते म्हणायचे. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकाजवळ कामात ट्रामचे रूळ सापडले तेव्हा मी पेपरातलं कात्रण त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, आपल्या दारातले पण असतील अजून खाली.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नवं नाव आपसूक पडतं, पण जुनं टिकवणारी माणसं लागतात, आणि इथे ती भेटली. रविवारी भाचीला घेऊन टीटीपासून भायखळ्यापर्यंत चालत जाणार आहे. वाटेत राजगृह, हिंदमाता, परळ, भारतमाता. लालबागचा, तुमच्या दारावरून जाऊ. मग आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय दाखवायचंय.

फक्त एकच विचारायचं राहिलं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री दहाला बोरीबंदरहून निघाली आणि दादरला आली. पंचांग काढून बघितलं, मंगळवार होता. विजेची पहिली ट्राम धावली तोही मंगळवार. सोनचाफा, त्या रात्री तुमचे बाबा गाडीवर होते का?

---

सोनचाफा

नाही. त्यांची दिवसपाळी होती. संध्याकाळी घरी आले, जेवले, गणवेश घडी करून ठेवला आणि साडेनऊला म्हणाले, चल. मला खांद्यावर घेऊन टीटीला गेले. आई येत नव्हती, मग तीही आली.

इतकी गर्दी मी आयुष्यात तोवर पाहिली नव्हती. लोक कठड्यांवर, झाडांवर, दुकानांच्या फळ्यांवर. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मला झोप येत होती. मग लांबून घंटा ऐकू आली आणि ती थांबेचना. रस्ताभर माणसं होती, त्यांना बाजूला करत गाडी येत होती, आणि मोटरमन टाच उचलतच नव्हता. ट्राम समोर आली तेव्हा लोक फुलं टाकत होते, आत इतकी माणसं होती की दिवेसुद्धा झाकले गेले होते. बाबा सगळा वेळ गप्प होते.

घरी परतताना आईने विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, "एवढी घंटा वाजवायची नसते. समोर माणूस असेल तरच वाजवायची."